चुंबक, पिंप आणि माझे साडू

देव हे जग घडवत असताना माझे साडू शेजारी उभे असते, तर ते अजून पूर्ण झालं नसतं. पहिल्याच दिवशी त्यांनी खिशातून चुंबक काढून चंद्राला लावून पाहिलं असतं आणि ‘मटेरियल हलकं वाटतंय’ म्हणून माल परत पाठवला असता.

त्यांची बायको माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणतो. ते मला शेठ म्हणतात. त्या ‘शेठ’मध्ये मान कमी आणि माझं शिक्षण बारावीला थांबल्याची आठवण जास्त. ते इंजिनिअर, इकडे परदेशात सरकारी खात्यात त्यांनी तीस वर्षं पूल तपासले. बांधले नाहीत, तपासले. दुसऱ्याने बांधलेल्या पुलाखाली उभं राहून मान हलवायची, हा त्यांचा धंदा होता आणि निवृत्त झाल्यावरही तो सुटला नाही. मी देश सोडून इकडे एटोबिकोला आलो तेव्हा एका हॉटेलात भांडी घासली, मग तसलीच भांडी विकत घेऊन विकायला लागलो. आज माझं जुन्या हॉटेल-सामानाचं दुकान आहे. स्टीलचं पातेलं मी नुसतं टिचकी मारून ओळखतो. पण इतक्या वर्षांत मी घेतलेल्या एकाही वस्तूला या गृहस्थाने ‘चांगली घेतलीत’ म्हटलेलं नव्हतं. मोठं घर झालं, दुकान झालं, मुलं शिकली. ते एक वाक्य तेवढं राहिलं होतं.

चुंबक त्यांच्या खिशात कायम. खरं स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटत नाही, एवढं एक ज्ञान त्यांनी कुठूनतरी उचललं होतं आणि त्यावर ते जगाची परीक्षा घेत. माझ्या नव्या किचनच्या पूजेला आले, तीर्थ घ्यायच्या आधी सिंकला चुंबक लावलं आणि म्हणाले, “शेठ, नुसती चकाकी आहे.” एका बारशाला बाळाला आलेल्या चांदीच्या वाटीलाही त्यांनी ते लावून पाहिलं. बाळाची आजी अजून त्यांच्याशी बोलत नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी ओकव्हिलच्या घराच्या बेसमेंटमध्ये बिअर करायला घेतली. ठेवायला एक पांढरं प्लास्टिकचं पिंप आणलं. ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, ते रिकामं दिसल्याबरोबर त्यात लोणच्याच्या कैऱ्या मुरवल्या. त्यानंतरच्या बिअरला हिंग आणि मेथीचा असा वास आला की पहिला घोट घेऊन मी सवयीने भात मागितला. पिंप घासलं, सोड्यात भिजवलं, महिनाभर उन्हात ठेवलं, हिंग हलेना. शेवटी भाऊजींनी जाहीर केलं की प्लास्टिक वास धरतं, त्यावर चरे पडतात, चऱ्यांत जंतू राहतात, तेव्हा आता धातूच. मग आठ महिने अभ्यास. ॲल्युमिनियम बाद, कारण आंबट चालत नाही. तांबं-पितळ बाद, कारण ताक कळकतं तशी बिअर कळकेल. “कल्हई करून घेतली तर?” असं त्यांनी मला फोन करून गंभीरपणे विचारलं. म्हटलं, “भाऊजी, ओकव्हिलमध्ये कल्हईवाला आला की पाठवतो.”

उरलं स्टील, म्हणजे माझा प्रांत. सोड्याच्या मशीनला जोडतात तशा उंच, अरुंद टाक्या बिअरला उत्तम. झाकण घट्ट बसतं, आतला गॅस आतच राहतो. मिसिसागाला एक रेस्टॉरंट बंद होत होतं, तिथे मला दोन सापडल्या. मालकाशी दीड तास घासाघीस केली, तीनदा पार्किंगपर्यंत जाऊन परत आलो, चौथ्यांदा तोच माझ्यामागे धावत आला. घरी आणून झाकणांचं रबर बदललं, आतून लख्ख केल्या आणि ताईंच्या वाढदिवसाला, आठ पाहुण्यांसमोर, भाऊजींना भेट दिल्या.

त्यांनी थँक यू म्हटलं नाही. चुंबक काढलं. वर लावलं, मध्ये लावलं, मग खाली वाकून तळाच्या वळणावर लावलं. तिथे ते क्षणभर धरून राहिलं.

“फसलात, शेठ. लोखंड मिसळलंय.”

“भाऊजी, बावीस वर्षं याच धंद्यात आहे मी.”

“तोच तर प्रॉब्लेम आहे. तुम्ही डिस्काउंट बघता, माल बघत नाही.”

पाहुणे हसले. मी ताटातलं श्रीखंड तसंच ठेवून उठलो, “गार्बेजमध्ये टाका त्या!” असं ओरडलो आणि गाडी काढली. वाटेत बायको म्हणाली, “निदान माझं जेवण होऊ द्यायचं होतंत.”

त्या हिवाळ्यात भाऊजी पुण्याला गेले आणि येताना तोटीचं पिण्याच्या पाण्याचं स्टीलचं पिंप घेऊन आले. आत भाजणी आणि मेतकूट भरून, बाहेरून सुतळीने बांधून. चुंबक कुठेही चिकटत नव्हतं, हे त्यांनी दुकानात सव्वा तास लावून तपासलं होतं. पण पाण्याच्या पिंपाचं झाकण ते, नुसतं वर ठेवायचं. गॅस कसला राहतोय त्यात? बिअर झाली काढ्यासारखी. मे महिन्यात बार्बेक्यूला त्यांनी ती सगळ्यांना पाजली. मी विचारलं, “फेस कुठाय?” तर म्हणाले, “फेस म्हणजे हवा, शेठ. हवेचे पैसे तुमच्या धंद्यात घेतात.”

आणि पुढच्या उन्हाळ्यात अचानक फेस आला. ग्लासात बोटभर, पांढराशुभ्र. भाऊजी आता बिअरचा जग भरून बेसमेंटमधूनच वर आणायचे, खाली कुणाला जाऊ द्यायचे नाहीत. मी खोदून विचारलं, तर म्हणाले, “पिंप मुरलं आता.” लोणचं मुरतं, माणूस मुरतो, स्टील मुरल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. पण चिडून मी दोन ग्लास जास्त प्यालो.

त्यांच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर बायको सांगेल. माझा हात मोडला त्या जानेवारीत प्रत्येक बर्फानंतर ते ओकव्हिलहून येऊन माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने, म्हणजे फावड्याने, उपसून जात. अर्थात पहिल्या दिवशी त्यांनी शोव्हललाही चुंबक लावलं आणि माझ्यापेक्षा त्याचीच जास्त कीव केली.

गेल्या वर्षी ताईंचे गुडघे गेले, जिने होईनात. मुलगी दूर रेजिना शहरात सरकारी नोकरीत. तिने दोघांना तिकडेच बोलावलं. घर विकलं. सामान बांधायला मी गेलो आणि बेसमेंट माझ्या वाट्याला आलं. पुण्याचं पिंप समोरच होतं; आत कणीक. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या मागे सोलापुरी चादरीखाली काहीतरी उंच दिसलं, म्हणून चादर ओढली. माझ्या दोन टाक्या. लख्ख पुसलेल्या, नळ्या गुंडाळून ठेवलेल्या. प्रत्येकीवर पट्टी, आणि पुलांच्या नकाशावर लिहितात तसल्या रेखीव अक्षरात नाव: ‘शेठ-१’, ‘शेठ-२’.

म्हणजे तो फेस यांचा होता! रागाने माझे कान तापले. टाकी खांद्यावर घेऊन वर जावं आणि सगळ्यांसमोर अंगणात आपटावी, असं आलं मनात. वरून आवाज आला, “शेठ, फर्नेसमागचं राहू द्या हं! ते मी बघतो.” आवाज जरा घाबरलेला होता. इतक्या वर्षांत त्यांचा तसा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. “इथे काही नाही, भाऊजी,” म्हटलं, आणि चादर होती तशी घातली.

निघताना त्यांनी माझ्या हातात चुंबक ठेवलं. “तिकडे कुणाचं काय तपासणार,” म्हणाले, आणि गाडीत बसून सीटबेल्ट शोधत राहिले.

मागच्या महिन्यात एका बंद पडलेल्या किचनमध्ये तसलीच टाकी दिसली. मालकाला मी घोळात घेतला होता, भाव पडत आला होता, आणि माझा हात आपोआप खिशात गेला. चुंबक तळाच्या वळणावर क्षणभर धरून राहिलं. मी बाहेर जाऊन भाऊजींना रेजिनाला फोन लावला.

“भाऊजी, खाली थोडं चिकटतंय.”

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

“वाकवलेल्या जागी चिकटतं ते. चांगल्या स्टीललाही.” मग घसा खाकरून, “मी वाचलं होतं नंतर. माल चांगला आहे, शेठ. घ्या.”

मी आत गेलो आणि मालकाने सांगितला त्या भावात टाकी घेतली. दुकानात ठेवली आहे. गिऱ्हाइकं विचारतात, पण विकावीशी वाटत नाही.