खिळ्यावरच्या साड्या

फटाक्यांच्या कारखान्यात मी वाती कापायचे. तिथे दाराआड खिळ्यावर चार जुन्या साड्या कायम टांगलेल्या असत. तपासणीचे साहेब येणार असं कळलं, की मुकादम ओरडायचा, "पोरींनो, साड्या नेसा!" फटाक्यात दारू भरायला अठराच्या आतलं कुणी ठेवायचं नाही, असा कायदा आहे. शिवणकाम, दुकान सोळाव्या वर्षी चालतं. पण आमच्या गावात होता तो हाच कारखाना.

घरी मुलगी पहिली साडी नेसते तेव्हा बायका कौतुकानं हसतात. सोळाची मंगल ड्रेसवरच साडी गुंडाळत होती, तेव्हा कुणी हसलं नाही. तिच्या नखांत चंदेरी भुकटी होती.

"मावशी, दिसते ना अठराची?"

मी तिच्या निऱ्या सारख्या केल्या, पदराला पिन लावली आणि म्हटलं, "दिसतेस."