चाचांच्या बागेतला बर्फ

इथे परदेशात, सेंगकांगच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, मी लिंबूपाणी घेतो ते बर्फाशिवाय. नात तन्वी त्यावरून चिडवते, "आजोबा, सो हॉट लाह, व्हाय नो आइस?" आज तिच्या ग्लासात बर्फ तडकला आणि मी तिला पहिल्यांदाच सगळं सांगितलं.

मी नायब सुभेदार होतो. काश्मीरमध्ये रशीदचाचांच्या सफरचंदाच्या बागेला लागून आमची पोस्ट होती. रात्रभर पडता पडता गोठणारा पाऊस झाला. सकाळी ०६४० ला बाहेर आलो तर फांद्या, कुंपण, दोरीवर वाळत घालून विसरलेला चाचांचा फेरन, सगळ्यावर बोटभर बर्फ. ऊन आलं आणि बाग किणकिणू लागली. इतकं सुंदर मी पुन्हा काही पाहिलं नाही. आम्ही आठजण बघत उभे होतो. सकाळच्या हजेरीचा फॉल-इनसुद्धा विसरलो.

फांद्या ओझ्याने वाकल्या होत्या. लान्स नायक दत्ता निफाडचा, द्राक्षबागेत वाढलेला. त्याचे हात शिवशिवत होते.

"साहेब, अवकाळी पाऊस झाला की आम्ही मांडव हलवून पाणी झटकतो. चाचांची झाडं वाचतील."

"कर, पण लवकर," मी म्हणालो.

त्याने सर्वांत जुन्या झाडाची खालची फांदी धरून हलवली. चाचा बगलेत लाकडी टेकू घेऊन घराकडून धावत येत होते. "हाथ मत लगाना," ते ओरडले. गोठलेलं लाकूड लवत नाही, मोडतं, हे त्यांना माहीत होतं. आम्हाला नव्हतं. कट्ट असा आवाज झाला आणि वरची मोठी फांदी दत्ताच्या मानेवर आली.

"वन कॅज्युअल्टी. सीरियस. ओव्हर," मी वायरलेसवर कळवलं.

"रोड ब्लॉक्ड. गाडी येणार नाही. ओव्हर."

स्ट्रेचर खांद्यावर घेऊन आम्ही चालत निघालो. वाटेतली झाडं टपटप वितळत होती. ०९१० ला दत्ता गेला. तेव्हा मेडिकलचा तंबू समोर दिसत होता. रिपोर्टमध्ये 'अपघात' लिहिलं. हुकूम माझा होता, आणि ते मला आजही सहन होत नाही.

"द ट्री ऑल्सो डाइड?" तन्वीने विचारलं.

"नाही. चाचांनी त्याच दिवशी टेकू लावले. त्यांचा मुलगा दरवर्षी फोन करतो. त्या झाडाचं पहिलं फळ दत्ताच्या नावाने उतरवतात."

तन्वीने चमच्याने आपल्या ग्लासातले बर्फाचे खडे एकेक करून बशीत काढले.

"सो नाऊ ही इज आजोबा, लाइक यू?"

"नाही गं," मी म्हणालो. "दत्ता चोवीस वर्षांचाच आहे."