ओमदुर्मानचा पाटील

नुसतं ‘काय रे’ म्हणून पुढं निघून जाणं पाटलाला जमायचंच नाही. कुणी भेटलं की तो त्याचा हात धरायचा आणि विचारायला लागायचा. बरा आहेस ना? आई बरी आहे? बाबा? बहीण? सोयाबीन कसं आहे? गाय व्याली का? सगळ्यांची खुशाली कळल्यावरच हात सुटायचा, तोवर तिकडे लेक्चर सुरू झालेलं असायचं. “आमच्याकडे असंच इचारतेत,” तो म्हणायचा, “माणूस एकटा थोडी राह्यते.”

आमच्याकडे म्हणजे सुदानमध्ये, नाईलच्या काठावरच्या ओमदुर्मान शहरात. त्याचं खरं नाव इद्रिस. वर्ध्याच्या फार्मसी कॉलेजात तो आमच्या वर्गात होता. मी सिंदीचा, निलेश आर्वीचा आणि हा, अशी तिघांची भाड्याची खोली होती. शुक्रवारी हा उंचापुरा गडी पायघोळ पांढरा अंगरखा घालून निघाला की मेसवाल्या काकू म्हणायच्या, “निघाले पाटील.” ते नाव त्याला चिकटलं. मराठी तो काकूंकडून आणि निलेशकडून शिकला, त्यामुळे सरांनाही बिनदिक्कत ‘मले समजलं नाई’ म्हणायचा.

एका दिवाळीला तो आमच्या घरी आला होता. अंगणात कापसाचा ढीग पडलेला. त्यानं बोंडातला कापूस चिमटीत धरून हळूहळू ओढला आणि माझ्या वडिलांना म्हणाला, “काका, आमचा धागा याच्याहून लांब हाय.” त्याचे आजोबाही कापूसच पिकवायचे. मग दोघं दुपारभर वेचणीबद्दल बोलत बसले. मला वडील इतकं बोलताना क्वचितच दिसले आहेत.

तिसऱ्या वर्षात असताना तिकडे लढाई पेटली. देशाच्याच दोन फौजा एकमेकींवर उठल्या आणि तोफा ओमदुर्मानच्या गल्ल्यांत आल्या. पाटलाचे आईवडील आणि दोघी बहिणी घरातच अडकल्या. तो दिवसभर फोन लावायचा. कुणी उचलत नसे. “वाजून तं राह्यला ना,” तो म्हणायचा, “म्हणजे घर हाय.” पुढं फोन वाजायचाही थांबला.

कॉलेजात पोरं त्याला चुकवू लागली. तो सवयीनं त्यांच्या आईबाबांची खुशाली विचारायचा, आणि उलट त्याला ‘घरचे कसे आहेत’ असं विचारायची कुणाची छाती होत नव्हती. काकू तेवढ्या विचारायच्या, “लागला का रे फोन, बापू?” तो मान हलवायचा आणि ताट बाजूला सारायचा. काकू ते उचलायच्या नाहीत. तो उठेपर्यंत समोर बसून राहायच्या.

एक दिवस, प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आधी, त्याच्या गल्लीतल्या माणसाचा फोन आला. पाटलानं प्रॅक्टिकल पूर्ण केलं, काचेची भांडी धुऊन जागेवर ठेवली आणि बाहेर आल्यावर आम्हाला सांगितलं, “बाबा गेले.” घरावर गोळा पडला होता. आई आणि बहिणी लोकांबरोबर निघून गेल्या होत्या. कुठं, ते त्या माणसालाही ठाऊक नव्हतं.

त्यानं तिकीट काढलं तेव्हा शेवटचं सेमिस्टर तेवढं राहिलं होतं. निलेशनं त्याचा पासपोर्ट लपवला.

“तू तिथं जाऊन काय करशीन? मरशीन फुकट,” निलेश ओरडला.

पाटील त्याच्यासमोर जमिनीवर बसला. आवाज चढवला नाही. “निलेश, माही आई रस्त्यावर हाय. मले इथं घास गिळत नाई. दे.”

 निलेशनं गादीखालून पासपोर्ट काढून दिला आणि तिथंच बसून रडला. पाटीलच त्याची पाठ थोपटत होता.

आम्ही त्याला वर्धा स्टेशनवर मुंबईच्या गाडीत बसवलं. काकूंनी दशम्या बांधून दिल्या होत्या. पोर्ट सुदानला उतरल्यावर त्याचा निरोप आला: ‘बस भेटली. पुढं फोन लागणार नाई. तुम्ही परीक्षा द्याजो.’ त्यानंतर काही नाही. आम्ही परीक्षा दिली. त्याचा बाक रिकामा होता.

निकालानंतर खोली सोडायला आम्ही दोघं सामान बांधत होतो, तेव्हा मला इजिप्तच्या नंबरवरून फोन आला. पाटलानं माझाही नंबर घरी देऊन ठेवलेला. पलीकडे त्याची धाकटी बहीण होती. मोडक्या इंग्रजीत तिनं सांगितलं की आई आणि त्या दोघी वाळवंटातून कैरोला पोचल्या, सुखरूप आहेत, आणि इद्रिसचा फोन बंद लागतोय. तो तुमच्यापाशी आहे ना? आईला त्याचा आवाज ऐकायचाय.

तो निघाल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी तो वर्ध्यात होता आणि सुरक्षित होता.

मी निलेशकडे पाहिलं. त्याला सगळं ऐकू जात होतं. त्यानं माझ्या हातातून फोन घेतला, कानाला लावला आणि परत माझ्या हातात दिला. पलीकडून आता आईचा आवाज येत होता. भाषा कळत नव्हती. ती मुलाला नावानं हाका मारत होती.

“तो इथं नाही,” मी म्हणालो. “तुमच्याकडेच निघालाय.”