मनोहर डबी विसरला नव्हता

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं की ज्याच्यापाशी आधी कबूल करायची, तोच उरला नाही. गेल्या महिन्यात मनोहरच्या मुलाचा फोन आला, "काकाजी, बाबा गेले..." आणि दुःखाच्या आधी मला भीतीच वाटली. जाताना त्यानं घरात काही सांगितलं असेल का?

मनोहरनं आणि मी जबलपूरच्या फॅक्टरीत बरोबरीनं नोकरी केली. निवृत्तीनंतर कॉलनीच्या मैदानावर मी योगवर्ग सुरू केला, तेव्हा पहिली सतरंजी त्यानंच अंथरली. त्याला मधुमेह होता, इन्सुलिन चालू होतं. काही महिन्यांत शुगर ताब्यात आली, डॉक्टरांनी डोसही थोडा कमी केला. योग करा, पण इन्सुलिन सोडू नका, उपाशी राहू नका, जवळ गोड ठेवा, असं त्यांनी बजावलं होतं. मी त्यातलं 'योग करा' तेवढंच सगळ्यांना सांगत फिरलो. माझ्या वर्गात पोट रिकामं ठेवायचा नियम होता. मनोहर सकाळचं इन्सुलिन टोचून तसाच उपाशी यायचा.

थंडीतल्या एका सकाळी त्याच्या स्वेटरच्या खिशातून पितळी डबी घरंगळली. आत खडीसाखर. मी सगळ्यांसमोर ती उचलली.

"काहून रे, शुगरच्या माणसाच्या खिशात साखर?"

"डॉक्टरनं ठेवायला सांगितली, भाऊ."

"साखरेनं शुगर बरी झाली असती तं हलवायानं दवाखाना उघडला असता."

सगळे हसले. तोही हसला. डबी मी माझ्या झोळीत टाकली. थोड्या वेळानं त्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. आमच्या तोंडातून वाफा निघत होत्या आणि त्याच्या कपाळावरून पाणी गळत होतं. तरी मी म्हणालो, "घाबरू नको. अंगातलं विष बाहेर पडून राहिलं." त्यानं एकदा झोळीकडे पाहिलं... मागितली नाही.

घरी जाताना वळणावर तो स्कूटरसह कोसळला. खुबा मोडला. दवाखान्यात कळलं की शुगर एकदम उतरली होती. वहिनी रडत म्हणाल्या, "अहो, डबी मी काढून ठेवली होती ना? गेली कुठं?" मी खाटेजवळच उभा होतो. मनोहर माझ्याकडे बघत म्हणाला, "घरीच विसरलो असन."

त्या दिवसापासून तो घरात विसराळू ठरला. एकट्यानं कुठं जायचं नाही, साध्या गोष्टीलाही "तुमचा काय भरवसा?" हे ऐकायचं. तो वर्गाला पुन्हा आला नाही. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून प्राणायाम करायचा. मी वर्गाचा नियम गुपचूप बदलला. आता मधुमेहाच्या माणसाला मी सतरंजीजवळ साखर ठेवायला लावतो, औषध सोडू देत नाही. काहून, ते मात्र कोणाला सांगितलं नाही.

तेराव्याला वहिनी बायांना सांगत होत्या, "इन्सुलिन कधी चुकवलं नाही त्यांनी. ती एक डबी तेवढी विसरले..." माझा हात खिशातल्या डबीवर होता. तो तसाच घामेजून राहिला.

वहिनी, तो विसरला नव्हता. हे छापून येईल त्या सकाळी डबी घेऊन मी तुमच्या दारात येईन. तुम्ही काय म्हणाल, याची भीती आजही वाटते. पण दर रविवारी ही डबी खिशात घालून मी त्या व्हरांड्यात बसायचो, त्याच्या खुर्चीसमोर. त्याचा श्वास ऐकायचो, हवापाण्याचं बोलायचो, चहा प्यायचो आणि उठायचो. फाटकापाशी एकदा तरी वळायचो. तो डोळे मिटून बसलेला असायचा... "मनोहर, डबी माझ्याजवळ..." एवढं वाक्यही कधी तोंडातून निघालं नाही.