फिल्मची बाजू

नगरच्या कॉलेजात माझ्या शेजारच्या टेबलावर ती पीएच.डी.चं काम करते. कोपरगावकडची आहे. झिंक ऑक्साइडच्या नॅनोवायर, म्हणजे केसाहून बारीक तारा, आणि त्याचीच पातळ फिल्म, यांतलं स्पिरिटची वाफ जास्त चांगलं कोण ओळखतं, ते ती तपासते. कुणी विचारलं की सांगते, "वायरी म्हंजी उभा ऊस, फिल्म म्हंजी सारवलेलं अंगण. माल एकच हाय." जीव मात्र तिचा त्या उसावर. काम करताना वायरींशी लाडानं बोलते, फिल्मशी चकार शब्द नाही.

परवा वायरींनी फिल्मला साफ हरवलं. तिचे गाईड सर खूश झाले, पेढ्यांचं निघालं. ही मात्र फिल्मची डबी हातात घेऊन बसली.

"सर, ही फिल्म दिवाळीच्या आधीची हाय, पडून पडून मंदावलेली, अन् वायरी कालच्या. आजारी पैलवानाला पाडून कसले पेढे खायचे?"

सर चिडले. मलाही तो आगाऊपणाच वाटला. तिनं दोन्ही एकाच दिवशी नव्यानं बनवल्या आणि पुन्हा मोजल्या. वायरीच जिंकल्या, पण अगदी थोडक्यात. सरांचा चेहरा उतरला.

फिल्म चिमट्यानं डबीत ठेवता ठेवता ती तिला हळूच म्हणाली, "आता लढलीस बघ."