आई घरात असताना केलेलं मुंडण

घरातल्या लहान मुलाला कॅन्सर झाला की आईबापांना दोन गोष्टी मुबलक मिळतात, सल्ले आणि टेडी बेअर. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला ब्लड कॅन्सर निघाला आणि चार महिन्यांत आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेत अकरा अस्वलं राहायला आली. बरीचशी एका मदत संस्थेने दिलेली. डॉक्टर म्हणाले, केसाळ खेळणी तिच्याजवळ ठेवू नका, त्यांच्यात जंतू बसतात. मी हे संस्थेला कळवलं, तर तिथल्या समुपदेशक बाईंना फार वाईट वाटलं. पुढच्या शनिवारी त्यांनी ससा दिला.

संस्थेचा हॉल कोपरीत होता. दर शनिवारी आम्हा पालकांना तिथे गोल बसवून मन मोकळं करायला लावत. त्यासाठी भिंतीवर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा एक तक्ता होता. आज आपला चेहरा कुठला, त्यावर बोट ठेवायचं. विठ्ठलवाडीहून येणारा एक रिक्षावाला बाप कायम हसऱ्यावर बोट ठेवायचा. रडक्यावर ठेवलं की वीस मिनिटं बोलावं लागतं, हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. मीही त्याचाच कित्ता गिरवला. खोटं कशाला बोलू, मुलीला हॉस्पिटलात न्यायला गाडी त्यांचीच यायची, आणि शीळफाट्याला तासभर अडकून पोरीने सीटवर उलटी केली तरी ड्रायव्हर तोंड वाकडं करायचा नाही. त्याला कोणी तक्ता दाखवला नव्हता, म्हणून असेल.

मग मुलीचे केस गेले. उशीवर, ताटात, आंघोळीच्या बादलीत, आठ दिवसांत सगळे. त्यानंतर तिने दाराबाहेर पाऊल टाकायचं बंद केलं. घरातसुद्धा कानटोपी काढेना. “सगळे बघतात. मी नाही येणार.” सोमवारी पुढचा डोस होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, काही झालं तरी तारीख चुकवायची नाही. आठ वर्षांच्या पोरीला उचलून नेता येतं, पण असं किती वेळा उचलणार? अजून दोन वर्षांचे उपचार बाकी होते.

शनिवारी मी हे बाईंना सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. “सर, मग तुम्हीपण केस काढा ना! परदेशात अख्खी फॅमिली काढते. इतकं सुंदर वाटतं!” मी हो म्हणायच्या आत खुर्ची आली, न्हावी आला, ‘आम्ही सोबत आहोत’ असा बॅनर आला आणि फोटोग्राफरही आला. एरवी व्हीलचेअर मागितली की दोन आठवडे लागतात. पण खुर्चीत बसताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त सोमवार होता. बसलो. अंगात संस्थेचा पांढरा टी-शर्ट चढवला. “सर, स्माइल,” फोटोग्राफर म्हणाला.

आता मी कोकणातल्या घरात जन्मलेला, बेचाळीस वर्षांचा माणूस. आमच्यात पुरुष डोक्याचा गोटा करतो तो वडील गेल्यावर एकदा आणि आई गेल्यावर एकदा. वडिलांच्या वेळचा झाला होता. आई घरी कोथिंबीर निवडत बसली होती. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात येऊ नये, म्हणजे अक्कल गहाणच टाकली होती मी.

दुपारी बिल्डिंगच्या फाटकात तळमजल्यावरचे काका भेटले. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं, चष्मा काढला आणि काही न बोलता माझा खांदा दाबला. मला गहिवरून आलं. म्हटलं, बघा, याला म्हणतात आधार. चार महिन्यांत पहिल्यांदा कोणी सल्ला न देता नुसतं उभं राहिलं.

घरात आई दुपारची आडवी झाली होती. मी पाणी पितोय तोवर मोबाइल वाजायला लागला. सोसायटीच्या ग्रुपवर दिवे, जोडलेले हात, ‘आजींना भावपूर्ण श्रद्धांजली’. मी टाईप करायला घेतलं आणि तेवढ्यात बेल वाजली. माझ्या आधी आईच उठून दाराशी गेली.

दारात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. डोक्यावरून पदर, हातात चहाचा थर्मास, मागे तशाच चेहऱ्याच्या आणखी तिघी. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून चहा घेऊन आल्या होत्या. बाया खरंच चांगल्या आहेत.

“काय गं, कोण गेलं?” आईने काळजीने विचारलं.

 काकूंची नजर आईवरून माझ्यावर आली. तिच्या मागोमाग आईचीही आली.

“मेल्या!” आई ओरडली. “डोकं भादरून आलास? मी आहे ना रे अजून!”

चौघी चहा तिथेच ठेवून पळाल्या. ग्रुपवरचे दिवे एकेक करून डिलीट झाले. आतल्या खोलीच्या दारात माझी मुलगी उभी होती. हसत होती, ठसका लागेपर्यंत हसत होती. कानटोपी कुठे पडली होती कोण जाणे. बाहेर येऊन तिने माझ्या डोक्यावर हात फिरवला. “बाबा, तुझा गोटा माझ्यापेक्षा घाण आहे.” मी सोमवारी येणार का विचारलं. “तू असाच येणार असशील तर,” ती म्हणाली.

मी खूश. आई मात्र माझ्याशी बोलेना. मी तिला एकजूट, परदेश, अंधश्रद्धा असं बरंच काही ऐकवलं. शिकलेल्या माणसाला ऐकवायची फार हौस असते. शेवटी रविवारी संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, “माझं काय व्हायचंय? सत्तरी उलटली माझी. पण आईबाप गेल्याशिवाय केस काढलेस, ते कोणाच्या नावावर लागले रे?” आणि तिने आतल्या खोलीत झोपलेल्या पोरीकडे पाहिलं.

 अंधश्रद्धेवर एवढं बोललेला मी, खरोखर घाबरलो.

सोमवारी सकाळी मुलगी टोपी न घालता, माझा हात धरून खाली उतरली. गुडघ्यांमुळे कधी जिना न उतरणारी आई ठेवणीतलं पातळ नेसून आमच्या मागून आली. फाटकात काका होते, काकू होत्या, वॉचमन होता. सगळे ओशाळलेले.

“ऐका रे सगळ्यांनी,” आई म्हणाली. “ह्याने केस काढलेत ते माझ्यासाठी. मीच सांगितलेलं. माझ्या नावाचे आहेत हे. मी गेले की परत काढायचे नाहीत.”

कोणाला काही समजलं नाही. काकू म्हणाल्या, “असं काय बोलता आजी, देव तुम्हाला शंभर वर्षं देवो.”

“नको,” आई म्हणाली.

मुलीला तिने गाडीत बसवलं, दार लावलं आणि माझ्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, “कोणी विचारलं तर आईसाठी काढले म्हणायचं. देवाने विचारलं तरी तेच सांगायचं.”