धामणगव्हाणची दवंडी

कडूबा गायके चौतीस वर्षं कोतवाल होता. पैठण तालुक्यातल्या त्याच्या तलाठी सजात चार गावं. तीन गावांत माणसं राहत, चौथ्यात कुणीच नाही. हे चौथं म्हणजे मौजे धामणगव्हाण. निजामाच्या काळात तिथं पटकी आली, उरलीसुरली माणसं आठ दिवसांत उठून गेली आणि दप्तरात नावापुढं शेरा बसला, बेचिराख. जिथं एकही दिवा लागत नाही असं गाव. तरी जिल्ह्याच्या यादीत तालुका, तालुक्यात मंडळ, मंडळात सजा आणि सजात धामणगव्हाण, असं ते मुकाट चालत आलेलं.

कडूबाचा बापही कोतवालच. तो दर दवंडीला तिथं जायचा. कडूबा कधी गेला नाही. ओसाड माळावर हलगी वाजवून ऐकवायचं कुणाला? घरच्या ओट्यावर बसूनच तो 'दवंडी दिली' म्हणून जबाब लिहून द्यायचा.

यंदा चैत्रात नोटीस आली. धामणगव्हाणचं नाव दप्तरातून कमी करून त्याचं शिवार शेजारच्या गावात मिळवायचं होतं. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी.

तलाठी रूपाली मॅडम नव्या होत्या. म्हणाल्या, "कडूबाकाका, जागेवर जाऊन दवंडी द्या. फोटो लागेल, लोकेशनसकट."

"मॅडम, तिथं काळं कुत्रं नाय."

"असू द्या. कागद पूर्ण पाहिजे."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो निघाला. गाडी बांधाला लावून पायी वर चढला. जुन्या वस्तीची पांढरी माती, बुजलेली विहीर, एक चिंच. घरांचे पायेसुद्धा शेतकऱ्यांनी कधीच उचलून नेले होते. कडूबानं फोटो काढला आणि उरकायचं म्हणून हलगीवर काठी मारली.

"ऐका हो! मौजे धामणगव्हाणच्या समस्त रहिवाशांना कळविण्यात येतं..."

तेवढ्यात डावीकडं कडी निघाल्याचा आवाज आला. लाकडी दाराची, लोखंडी कडी. तो थांबला. मग उजवीकडं दुसरी. मग मागं. एकामागून एक साऱ्या माळावर कड्या निघत गेल्या आणि दारं करकरली. दार तर एकही नव्हतं. कुणीतरी खोकलं. एक तान्हं रडायला लागलं, त्याला बाईनं "श्शू" केलं. मग सगळं शांत झालं.

कडूबाला पळून जावंसं वाटलं. ही शांतता रिकामी नव्हती. तीन गावांत तो दवंडी द्यायचा तेव्हा लोक मोबाइलमधून मान वर करत नसत. इथं सगळे कान देऊन ऐकत होते. त्यानं नोटीस शेवटपर्यंत वाचली. 'नाव कमी करण्यात येत आहे' म्हणताना त्याचा आवाज चिरकला.

वाचून झालं. दवंडी ऐकली की माणसं आत जातात, दार लावतात. इथं एकही दार लागलं नाही. चिंचेचं पानसुद्धा हलत नव्हतं. ते थांबले होते, आणि कशासाठी ते कडूबाला उमगलं.

"सांगतो," तो कसाबसा म्हणाला. "तुमची हरकत हाय म्हून सांगतो." आणि मागं न बघता उतरला.

तापानं तो दोन दिवस पडून होता. तिसऱ्या दिवशी तलाठी कार्यालयात जाऊन हरकतीचा अर्ज ठेवला. रूपाली मॅडमनी दोनदा वाचला.

"काका, हरकतदार म्हणून तुमचंच नाव? नोकरीची दोन वर्षं राहिलीत. कशाला अंगावर घेता?"

"दवंडी मीच दिली ना मॅडम."

सुनावणी संभाजीनगरला कलेक्टर कचेरीत लागली. कडूबा बायकोला, साळूबाईला घेऊन गेला, एकट्याचा धीर होईना. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "त्या गावात राहतं कोण?"

"मी दवंडी दिली तवा ऐकायला आले, ते."

कोपऱ्यातला कारकून टाइप करायचा थांबला. साहेब हसतील असं कडूबाला वाटलं होतं. ते हसले नाहीत. उन्हाळ्याचे दिवस असून त्यांनी पंखा बारीक करायला सांगितला.

"नोटीस पूर्ण वाचली होती त्यांना?" त्यांनी हळू विचारलं.

"व्हय साहेब. अक्षर न् अक्षर."

साहेबांनी फाइलवर लिहिलं, 'हरकत मान्य. गावाचे नाव कायम.' आणि पुढचं प्रकरण पुकारायला लावलं.

परतीच्या एसटीनं बिडकीन मागं टाकलं. साळूबाईनं पदर सावरून विचारलं, "अवो, किती जण व्हते?"

"दिसलं कुणीच नाय." कडूबा खिडकीबाहेर बघत राहिला. "पर पैठणच्या बाजाराला असत्यात, तेवढे तरी व्हते."